मेणरंगाचे पापुद्रे सुटत होते, त्यावर केलेला उपाय

प्लायवर केलेल्या मेणचित्राचा (वितळलेल्या मेणात रंग मिसळून काढलेलं चित्र) वरचा थर नखाने उचलला की टिकलीसारखा अख्खा निघायचा. खालचा पांढरा थर मात्र जागेवरच, आणि तोही गुळगुळीत. म्हणजे दोष मेणाचा नव्हताच, अस्तराचा होता. ते अस्तर ॲक्रिलिक गेसोचं, म्हणजे चित्राखाली लावायच्या तयार पांढऱ्या रंगाचं. हा गेसो मुळात प्लास्टिक, मेण त्यात मुरत नाही.

गेसो पॉलिशपेपरने पार लाकडापर्यंत घासून काढला. १२ मिमीचा कोरा प्लाय हिट गनने (गरम हवा फेकणारं यंत्र) कोमट केला आणि त्यावर रंग न घातलेलं मेण पातळ लावून पुन्हा गरम केलं. लाकूड ते पिऊन टाकतं, पृष्ठभाग ओलसर चमकतो. पकड इथेच बसते.

मिश्रण: ४०० ग्रॅम मधमाशीचं मेण, ५० ग्रॅम डमार राळ (रस्त्यावरच्या डांबराशी हिचा संबंध नाही). राळेतला काडीकचरा कापडातून गाळून घ्यायचा. राळ जास्त झाली की थर काचेसारखा तडकतो. स्वस्त मेणात पॅराफिन मिसळलेलं असतं, तेही ठिसूळ.

मेण वितळवायच्या तव्याचं तापमान ८० ते ९० अंश. धूर दिसला की आच लगेच कमी करा आणि खिडकी उघडी ठेवा.

प्रत्येक थरानंतर हिट गन फिरवायचीच. कुंचल्याच्या रेघा मऊ होऊन चकाकी आली की थांबायचं. त्यापुढे रंग वाहतात. ही पायरी एकदा जरी गाळली तरी पापुद्रा सुटतो, अस्तर कितीही चांगलं असो.

काही आठवड्यांनी पृष्ठभागावर पांढुरकी झाक येते. ती बुरशी नसते, मऊ सुती कापडाने हलकं पुसलं की जाते.