डोअर पॅड बदलताय? आधी प्लास्टिक आणा

प्लास्टिक. सगळ्यात आधी तेच लिहितो, कारण मागच्या वेळी मी तेच विसरलो. प्रीमियर पद्मिनीच्या चारही दारांना मे महिन्यात नवी पॅडं, म्हणजे दाराचा पत्रा आतून झाकणारे रेक्झिन चढवलेले बोर्ड, बसवली आणि गणपतीपर्यंत खालच्या कडा फुगून रेक्झिन सुटलं. दोष बोर्डाचा नव्हता. काचेच्या बाहेरच्या रबरी पट्टीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच, म्हणून तर दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. पण पत्रा आणि पॅड यांच्यामध्ये प्लास्टिकचा पडदा नसला की तेच पाणी बोर्ड पितो. जुना पडदा फाटका म्हणून मी काढला आणि नवा लावलाच नाही.

आता बोर्ड. मूळ पॅडं हार्डबोर्डाची, साधारण 3 मिमी. तोच परत घ्या, कापायला सोपा आणि थोडा वाकतोही. प्लायच हवा तर मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा, त्याच्या मानकाचा आयएस 710 चा शिक्का बघून. जाडी मात्र वाढवू नका, पॅड पत्र्यात अडकवणाऱ्या क्लिपची मान मोजकी असते, जाड बोर्डातून ती पत्र्यात अडकतच नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, नको म्हणजे नकोच. पीव्हीसी फोमबोर्ड पाणी पीत नाही खरा, पण उन्हात बंद गाडी तापली की मऊ पडतो.

जुनं पॅड कितीही कुजलेलं असो, फेकू नका, साचा तोच. कापून झालं की कडांना, मागच्या बाजूला आणि क्लिपच्या भोकांच्या आतूनही वॉर्निशचे दोन हात द्या. भोकांतूनच ओल शिरते.

रेक्झिन चारही बाजूंनी इंचभर जास्त ठेवा. सोल्युशन (चिकटवायचा गोंद) बोर्ड आणि रेक्झिन दोन्हीकडे लावायचं, बोटाला चिकटेनासं झाल्यावरच दाबायचं. घाई केली की फुगे येतात.

आणि पुन्हा प्लास्टिक! जाड पॉलिथिन घ्या, कडेने ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावा. खालची कड पत्र्याच्या भोकांतून दाराच्या आत सोडा, म्हणजे पाणी आतच पडेल. कड बाहेर लोंबत राहिली तर पडदा लावून उपयोग शून्य. तळाची भोकं तारेने मोकळी करा. मग काचेवर दोन तांबे पाणी ओता, पडद्याची पॅडकडची बाजू कोरडी राहिली तरच पॅड चढवा.

क्लिपा नव्या. हँडलची काढलेली पिन हरवू नये म्हणून डबीत.