व्हीसेंटर डोमेनला जोडताय? या चुका टाळा

व्हीसेंटर सर्व्हर अप्लायन्स (सगळी व्हर्च्युअल मशीन एका जागेवरून सांभाळणारा तयार सर्व्हर) अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (कंपनीचे युजर आणि मशीन सांभाळणाऱ्या विंडोज डोमेनमध्ये) जॉइन झालं नाही, की बहुतेक जण आधी पासवर्डवर संशय घेतात. पासवर्ड पुन्हा टाकतात, दुसरं अकाउंट घेतात, शेवटी थेट डोमेन अ‍ॅडमिन वापरून बघतात. खरं दुखणं बरेचदा नाव, डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा) किंवा घड्याळ यांपैकी एकात असतं, आणि हे तिन्ही जॉइनचं बटण दाबण्याआधी तपासता येतं.

नाव आणि डीएनएस

इन्स्टॉल करताना ‘सिस्टम नेम’च्या रकान्यात घाईत नुसता आयपी टाकला असेल, तर डोमेन जॉइन तिथेच अडतं. पूर्ण नाव हवं, डोमेनच्या शेपटासकट. व्हीसेंटर 6.7 अपडेट 3 पासून हे नाव नंतर बदलता येतं, पण ते काम छोटं नाही. आधी बॅकअप घ्या.

डीएनएसमधली नेहमीची चूक म्हणजे पहिला सर्व्हर डोमेन कंट्रोलरचा (डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरचा) आणि दुसरा ‘असू दे आधाराला’ म्हणून गूगलचा सार्वजनिक 8.8.8.8. बाहेरच्या त्या सर्व्हरला तुमच्या आतल्या डोमेनचा पत्ताच माहीत नसतो. पहिल्याने उत्तर द्यायला उशीर केला की प्रश्न दुसऱ्याकडे जातो आणि ‘असं नाव नाही’ असं उत्तर येतं. म्हणूनच जॉइन कधी होतं, कधी होत नाही. दोन्ही जागी आतलेच डीएनएस सर्व्हर द्या. मग अप्लायन्सच्या शेलमधून डोमेनचे एसआरव्ही रेकॉर्ड (डोमेन कंट्रोलर कुठे आहेत ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदी) मिळतात का ते बघा, आणि नावावरून आयपी व आयपीवरून नाव दोन्ही बाजूंनी जुळतं का तेही बघा. जुन्या सर्व्हरचा आयपी नव्याला दिला असेल तर पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) हमखास जुन्याच नावाचा राहिलेला असतो.

घड्याळ

कर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख पटवण्याची पद्धत) साधारण 5 मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतं, त्यापुढे नाही. इथे आपल्याकडे एक घोळ फार होतो. अप्लायन्स वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) दाखवतं. डोमेन कंट्रोलरवर दुपारचे साडेतीन आणि अप्लायन्सवर सकाळचे दहा दिसले, तर दोन्ही घड्याळं अगदी बरोबर आहेत. तो साडेपाच तासांचा फरक फक्त टाइम झोनचा आहे. तो ‘दुरुस्त’ करायला कोणी घड्याळ हाताने पुढे ढकललं, की चालू असलेलं लॉगिनही बंद पडतं. तुलना नेहमी यूटीसीत करा. वेळ 5480 पोर्टवरच्या मॅनेजमेंट पानावरून एनटीपीला (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या सेवेला) बांधा, आणि ईएसएक्सआय होस्ट (व्हर्च्युअल मशीन ज्यांवर चालतात ते सर्व्हर) व डोमेन कंट्रोलर यांनाही त्याच स्रोतावर ठेवा.

एरर कोड 11

जुन्या 6.x अप्लायन्सवर जॉइन करताना हा कोड दिसला तर एसएमबीकडे (विंडोजच्या फाइल देवाणघेवाणीच्या प्रोटोकॉलकडे) बघा. सुरक्षेसाठी डोमेन कंट्रोलरवर एसएमबी 1 बंद केलेलं असतं आणि अप्लायन्स मात्र तेच बोलायला जातं. यावर उपाय म्हणून एसएमबी 1 पुन्हा चालू करू नका. अप्लायन्सच्या लाइकवाइज (डोमेनशी जोडणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) रजिस्ट्रीत एसएमबी 2 चालू करा. 445, 389, 88 आणि 464 हे पोर्ट फायरवॉलवर उघडे आहेत ना, हेही त्याच वेळी बघून घ्या. शाखेत फक्त रीड-ओन्ली डोमेन कंट्रोलर असेल तर जॉइन होणार नाही. लिहिता येणारा कंट्रोलर पोहोचात लागतो.

युजरनेम ईमेलसारख्या रूपात टाका आणि डोमेनचं नाव पूर्ण द्या. साध्या अकाउंटला डोमेनमध्ये मुळात 10 मशीनच जोडता येतात, ही मर्यादा विसरली जाते.

जॉइन झालं, तरी लॉगिन होत नाही

हा बिघाड नाही, काम अर्धं राहिलंय. जॉइन केल्यावर अप्लायन्स रीबूट करावं लागतं. त्यानंतर आयडेंटिटी सोर्स (युजर कुठून ओळखायचे ती जागा) वेगळा जोडावा लागतो. आणि त्यानंतरही कोणालाच काही दिसत नाही, कारण परवानगी दिलेली नसते. इन्व्हेंटरीच्या (व्हीसेंटरमधल्या सगळ्या गोष्टींच्या झाडाच्या) मुळाशी एका खास ग्रुपला रोल द्या. तो ग्रुप ‘डोमेन अ‍ॅडमिन्स’ नसावा. विंडोज सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या हातात सगळ्या व्हर्च्युअल मशीनच्या किल्ल्या कशाला द्यायच्या?

सिंगल साइन-ऑनच्या (व्हीसेंटरच्या स्वतःच्या लॉगिन व्यवस्थेच्या) डोमेनला अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचंच नाव देणं ही चूक मात्र फार महागात पडते. व्हीस्फिअर डॉट लोकल हे मूळ नाव राहू द्या.

आधी हे ठरवा: जोडायलाच हवं का?

नवं काही उभारत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: जोडू नका. इंटिग्रेटेड विंडोज ऑथेंटिकेशन (अप्लायन्स डोमेनचं सदस्य करून लॉगिन चालवणं) ही पद्धत 2020 मध्ये आलेल्या व्हीस्फिअर (व्हीसेंटर ज्याचा भाग आहे तो संच) 7.0 पासूनच मावळतीला लावलेली आहे. एलडीएपीएसने (सर्टिफिकेटने सुरक्षित केलेल्या डिरेक्टरी जोडणीने) आयडेंटिटी सोर्स जोडला तर अप्लायन्सला डोमेनचं सदस्य व्हावंच लागत नाही. फक्त डोमेन कंट्रोलरच्या सर्टिफिकेटची मुदत कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. सर्टिफिकेट बदललं आणि नवं इथे चढवलं नाही, की एका सकाळी सगळ्यांचं लॉगिन अडतं.

आधीपासून जोडलेलं असेल तर स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली अवस्था) जपून वापरा. मशीन अकाउंटचा (डोमेनमधल्या अप्लायन्सच्या स्वतःच्या खात्याचा) पासवर्ड ठरावीक काळाने आपोआप बदलतो. जुन्या स्नॅपशॉटवर परत गेलात तर अप्लायन्सकडे जुना पासवर्ड राहतो, डोमेनकडे नवा, आणि विश्वास तुटतो. अशा वेळी सिंगल साइन-ऑनच्या स्थानिक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अकाउंटनेच आत जाता येतं. त्याने लॉगिन करा, डोमेन सोडा, रीबूट करा, पुन्हा जोडा. त्या अकाउंटचा पासवर्ड डोमेनवर अवलंबून नसलेल्या जागी ठेवा, कारण डोमेन कंट्रोलर स्वतःच याच व्हीसेंटरखालचं व्हर्च्युअल मशीन असेल आणि तेच बंद पडलं असेल, तर ते चालू करायला हेच अकाउंट लागणार आहे.