परदेशात फिरताना गंडायचं नसेल तर आधी भीड सोडा

पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या टेकडीवर ते पांढरंशुभ्र साक्रे-कर चर्च आहे ना, त्याच्या पायऱ्यांपाशी काही जण रंगीत दोरे घेऊन उभे असतात. जवळून गेलात की हसून कुठून आलात, पहिल्यांदाच आलात का वगैरे विचारतात, बोलता बोलता तुमचं बोट धरतात आणि मनगटावर दोरा विणून घट्ट गाठ मारून मोकळे. मग पैसे मागतात. मी यात अडकलेय, आणि खरं सांगू का, काय चाललंय ते मला दुसऱ्या मिनिटालाच कळलं होतं, तरी हात मागे घेतला नाही, कारण समोरचा एवढं गोड बोलतोय आणि आपण हात झटकायचा म्हणजे कसंतरीच वाटतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

म्हणून पन्नास प्रकारच्या फसवणुकींची यादी पाठ करत बसू नका, ती रोज बदलते. दोनच गोष्टी बघा. एक, बोलायला सुरुवात कोणी केली? दोन, समोरचा घाई करतोय का? तुम्ही स्वतः हेरून एखाद्या बाईला किंवा दुकानदाराला रस्ता विचारला तर तो माणूस नेमका ठग निघण्याची शक्यता फारच कमी, पण गर्दीच्या टुरिस्ट जागी जो स्वतःहून येऊन मदत करतोय त्याला त्या मदतीतून काहीतरी हवं असतं, निदान बऱ्याच वेळा.

बँकॉकचं उदाहरण घ्या. ग्रँड पॅलेसच्या बाहेर नीटनेटके कपडे घातलेला एक गृहस्थ भेटतो आणि सांगतो की आज पूजा आहे, पॅलेस बंद आहे किंवा दुपारी उघडेल, तोपर्यंत दुसरी देवळं बघून या ना, हा टुकटुकवाला (तिथला तीनचाकी रिक्षावाला) अगदी नाममात्र पैशात फिरवेल. टुकटुक खरंच स्वस्तात फिरवतो, एखादं देऊळसुद्धा दाखवतो, तिथे अजून एक 'सहज भेटलेला' माणूस रत्नांच्या सेलबद्दल बोलतो, आज शेवटचा दिवस म्हणतो, आणि मग तुम्ही दागिन्यांच्या दुकानात. ही सगळी एकच टोळी असते आणि गिऱ्हाईक आणल्याबद्दल टुकटुकवाल्याला दुकानाकडून पैसे मिळतात. पॅलेस मात्र उघडाच असतो. उपाय एवढाच की गेटपर्यंत चालत जाऊन तिकीट खिडकी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, मग कोणी काहीही सांगो.

बीजिंगला वांगफुजिंग आणि शांघायला नानजिंग रोडच्या आसपास दोन हसतमुख मुली येतात, आम्ही विद्यार्थी आहोत, इंग्रजीची प्रॅक्टिस करायचीय, चला चहा पिऊया. चहा होतो, गप्पा छान होतात आणि बिल बघून डोळे पांढरे होतात. इस्तंबूलला तक्सीमच्या बाजूला हाच खेळ बारमध्ये चालतो, एकट्या पुरुषाला कोणीतरी दोस्ती करून नेतं, बिल आलं की दाराशी दोन धिप्पाड माणसं उभी. त्याच शहरात बूट पॉलिशवाला तुमच्यासमोर चालताना ब्रश पाडतो, तुम्ही चांगुलपणाने उचलून देता, तो आभार म्हणून बूट पॉलिश करायला बसतो आणि मग आजारी मुलाची गोष्ट सांगून पैसे मागतो. (ब्रश पडला तर पडू दे. हे लिहिताना मलाच वाईट वाटतंय, पण पडू दे.) नवीन ओळख झाली आणि खरंच गप्पा मारायच्या असतील तर जागा तुम्ही निवडा, समोरच्याने दुसरी जागा नाकारून त्याच ठिकाणाचा हट्ट धरला की समजून जा.

आता नाही म्हणायचं कसं, कारण तिथेच सगळं अडतं. थांबू नका. 'कुठून आलात' या प्रश्नाला उत्तर देऊ नका, तो प्रश्न नाही, तो गळ आहे. एकदाच 'नो' म्हणा, स्पष्टीकरण नको, 'सॉरी, मला उशीर होतोय' हे सांगितलंत की त्याला पुढचं वाक्य मिळतं. हातात काही कोंबलं, फूल, दोरा, सही करायचा कागद, तर सरळ खाली ठेवा आणि चालू लागा. कागदाचं विशेष सांगते, मूकबधिरांसाठी सह्या गोळा करतोय म्हणून जे पॅड पुढे करतात त्या पॅडच्या खाली त्यांचा दुसरा हात असतो, आणि तो तुमच्या पर्सकडे चाललेला असतो.

पाकीटमारीही याच जातीची. बहुतेक वेळा तुमचं लक्ष दुसरीकडे नेऊनच ती होते. अंगावर सॉस किंवा पक्ष्याची घाण उडते आणि लगेच एक दयाळू माणूस टिश्यू घेऊन पुसायला येतो, पुसू देऊ नका, तसेच पुढे जाऊन बाथरूममध्ये स्वतः धुवा. रोमला तेर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस आणि बार्सिलोनाची मेट्रो यासाठी प्रसिद्ध आहेत. मेट्रोत दार बंद होतानाची गर्दी ही यांची आवडती वेळ, ऐनवेळी धक्का देतात, काम करतात आणि उतरून जातात. मागचा खिसा विसरा, बॅग पुढे घ्या, कॅफेत फोन टेबलावर ठेवू नका कारण वर नकाशा पसरून खालून उचलतात. लंडनला इ-बाइकवरून आणि हो ची मिन्ह सिटीत मोटरसायकलवरून फोन हातातून ओढतात, त्यामुळे मॅप बघायचा तर फुटपाथच्या कडेला नाही, भिंतीला पाठ लावून.

पैशांबद्दल एक गोष्ट अशी आहे की ज्यात कुठलाही गुन्हा नाही तरी बरेच लोक तिथे मार खातात. कार्ड मशीन किंवा एटीएम विचारतं की बिल तुमच्या घरच्या चलनात करू का इथल्या? घरचं चलन बघून बरं वाटतं, ओळखीचा आकडा दिसतो ना, पण मग रेट तुमची बँक नाही तर समोरची कंपनी ठरवते आणि तो जवळपास नेहमीच महाग पडतो. कायम स्थानिक चलन निवडा. एटीएमवर तर हा प्रश्न मुद्दाम फिरवून विचारतात, 'कन्व्हर्जन नको' दाबलं की पैसेच मिळणार नाहीत असं वाटायला लावतात, तसं होत नाही, पैसे मिळतात. मीसुद्धा एकदा घाबरून हिरवं बटण दाबलंय. एटीएम शक्यतो बँकेच्या आतलं घ्या, दुकानाबाहेर एकटं उभं असलेलं नको.

नोटा बदलताना 'झिरो कमिशन' च्या पाटीवर जाऊ नका, हातात नक्की किती मिळणार ते आधी विचारा. बालीत काही मनी चेंजर तुमच्यासमोर मोजतात, तुम्हीही मोजता, मग ते 'परत एकदा बघतो' म्हणून गठ्ठा घेतात आणि चार नोटा काउंटरमागे पाडतात. शेवटचं मोजणं तुमचं, त्यानंतर गठ्ठा परत द्यायचा नाही. प्रागमध्ये रेटवरून इतकी बोंब झाली की २०१९ पासून चेक प्रजासत्ताकाच्या कायद्याने १००० युरोपर्यंतचा व्यवहार ३ तासांच्या आत रद्द करता येतो, पावती मात्र ठेवा.

टॅक्सीचं थोडक्यात, एअरपोर्टच्या आत 'टॅक्सी, टॅक्सी' करत येणारा नको, अधिकृत रांग किंवा अ‍ॅप. मीटर 'बिघडलाय' म्हटला की बसूच नका, बसला असलात तर उतरा.

स्कूटर किंवा जेट स्की भाड्याने घेताना पासपोर्ट गहाण ठेवू नका. फुकेत आणि पट्टायाला जेट स्की परत केल्यावर जुनाच ओरखडा दाखवून भरपाई मागतात आणि पासपोर्ट त्यांच्या हातात असला की तुम्ही काय बोलणार? आधी मालकासमोर सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा, नुसतं ते बघूनच काही जणांचा सूर बदलतो. पोलिस असल्याचं सांगून रस्त्यात पाकीट 'नकली नोटा तपासायला' मागणारे पण असतात. पाकीट द्यायचं नाही, आवाज न चढवता म्हणायचं की चौकीत चला, चालत जाऊ. हां, पण कोणी चाकू दाखवला तर वाद नको, देऊन टाका.

ऑनलाइनवाले जास्त हुशार झालेत. हॉटेलचं बुकिंग केलेल्या अ‍ॅपच्या चॅटमध्येच मेसेज येतो की कार्ड व्हेरिफाय झालं नाही, २४ तासांत या लिंकवर भरा नाहीतर बुकिंग कॅन्सल. अ‍ॅपमध्ये आलाय म्हणजे खराच असं नाही, हॉटेलचं अकाउंटच हॅक झालेलं असू शकतं. लिंक न उघडता हॉटेलला फोन करा. तसंच रात्री रूममध्ये 'रिसेप्शनवरून बोलतोय, कार्ड नंबर परत सांगा' असा फोन आला तर फोन ठेवून खाली जा. व्हिसासाठी सर्चमधली सगळ्यात वरची जाहिरात नाही, त्या देशाच्या सरकारी साइटवरूनच अर्ज.

निघायच्या आधी अर्धा तास काढून फोनचं बघा. आयफोनमध्ये स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन चालू करा, अँड्रॉइडला थेफ्ट डिटेक्शन लॉक आहे, सिम कार्डला पिन लावा. स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) कागदावर लिहा. दोन कार्डं दोन वेगळ्या जागी, पासपोर्टची कॉपी मेलवर आणि एक कागदावर, बँकेचा परदेशातून लागणारा नंबरही कागदावर, कारण चोरीला जातो तो फोनच आणि सगळं त्यातच असतं.

आणि तरीही गंडलातच तर आधी कार्ड ब्लॉक, मग फोन दूरून लॉक, मग पोलिस. युरोपियन युनियनमध्ये कुठेही ११२, थायलंडमध्ये टुरिस्ट पोलिस ११५५. वस्तू परत मिळेल म्हणून नाही, त्या रिपोर्टच्या कागदाशिवाय इन्शुरन्सवाले तुम्हाला दारात उभं करत नाहीत, बऱ्याच पॉलिसींमध्ये तक्रार २४ तासांत केलेली लागते. पासपोर्ट गेला असेल तर तोच कागद तुमच्या देशाच्या दूतावासातही मागतात, म्हणून चौकीतून निघण्याआधी त्या कागदाचे दोन-तीन फोटो काढून घरी कोणालातरी पाठवून ठेवा, आणि चौकीवरच्या माणसाने उद्या या म्हटलं तरी भिडेपोटी उठू नका, बसून राहा, कागद घेऊनच बाहेर पडा.