घासून झालं की चूळ भरू नका

दात दोन मिनिटं नीट घासायचे आणि मग तांब्याभर पाण्यानं खळखळून चुळा भरायच्या, ही आपल्याकडची पक्की सवय. त्यात पेस्टमधलं फ्लोराइड बरंचसं मोरीत जातं. फेस थुंकून टाका आणि तेवढ्यावर थांबा. पहिले काही दिवस तोंडात चव राहून नकोसं वाटतं, मग सरावतं.

दातांवरच्या चिकट थरातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते दाताच्या कवचातलं कॅल्शियम ओढून काढतं. लाळ ते परत भरत असते. लाळेत फ्लोराइड असलं की भरणी लवकर होते आणि नवा थर आम्लाला जास्त टिकतो. हिरडीलगत मळकट पांढरा डाग आहे तोवर हे जमतं. खड्डा पडला की दवाखानाच.

रात्रीचं घासणं चुकवू नका, कारण झोपेत लाळ फार कमी सुटते. सकाळचं दुसरं. रात्री घासल्यानंतर पाण्याशिवाय काही नको.

पेस्टच्या ट्यूबवर १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) आसपास फ्लोराइड लिहिलंय का बघा. काही आयुर्वेदिक पेस्टांत ते नसतंच. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी पेस्ट. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश आईवडिलांच्या हातात हवा. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागं, एकही दात न पडता, कायमची दाढ येते. ती दुधाचीच समजून सोडून दिली जाते आणि तिच्या खोल खाचांत कीड शिरते. ब्रश गालाकडून आडवा घालून तिथवर पोचवा.

मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरून हलके गोल फिरवा. जोर लावला तर हिरडी मागं सरते. राखुंडीनं कवच झिजतं. मिसरी तर तंबाखूच, ती नकोच.

गोकाकचा करदंट (गूळ, डिंक आणि सुक्यामेव्याची मिठाई) जेवणासोबतच खाऊन संपवा. दुपारभर चघळला, किंवा गोड चहा घोटाघोटानं घेत बसलं, की आम्ल पुन्हापुन्हा तयार होतं आणि लाळेला उसंत मिळत नाही.

घरी बोअरचं पाणी पीत असाल तर त्यातलं फ्लोराइड तपासून घ्या. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, १.५ च्या वर लहान मुलांच्या येणाऱ्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे उमटू शकतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून थोडं दाटच होतं. अशा घरात मुलांनी पेस्ट गिळू नये, याकडं जास्त लक्ष ठेवा.