‘परत हीच घेशील का?’ – स्वस्तातली स्पोर्ट्स कूपे घेण्याआधी मालकांकडून खरं उत्तर कसं काढायचं

स्पोर्ट्स कूपे, म्हणजे दोन दरवाजांची स्पोर्टी गाडी, घ्यायचीय, बजेट बेताचं आहे, मग माणूस काय करतो, तर ज्याच्याकडे ती गाडी आहे त्याला गाठतो आणि विचारतो की बाबा परत घ्यायची वेळ आली तर हीच घेशील का. आणि तो लगेच म्हणतो, अर्थातच! झालं, आपण खूश. पण या ‘अर्थातच’चा उपयोग जवळजवळ शून्य आहे. प्रश्न चुकीचा नाहीये, कन्झ्युमर रिपोर्ट्ससारखी संस्थासुद्धा मालकांचं समाधान मोजताना हेच विचारते की सगळं लक्षात घेऊन हीच गाडी परत नक्की घ्याल का. फरक एवढाच की ते हजारो लोकांना विचारतात आणि आपण दोघा-तिघांना, तेही बहुतेक वेळा अशांना जे आत्ता त्या गाडीच्या शेजारी उभं राहून फोटो काढतायत.

आधी कोणाला विचारायचं ते बघू, कारण अर्धा घोळ तिथेच होतो. ज्याने गाडी घेऊन वर्षही झालं नाही त्याचं मत ऐका पण मनावर घेऊ नका, त्याचे हप्ते नवे आहेत आणि स्वतःचा निर्णय चुकला असं इतक्यात कोणी कबूल करत नाही. चार-पाच वर्षं रोज चालवणारा माणूस सोन्यासारखा, त्याला टायर, क्लच, इन्शुरन्स, पाठ सगळं माहीत असतं. पण सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे ज्याने ती विकली. तो मालकांच्या ग्रुपमध्ये सापडत नाही कारण वैतागलेला माणूस ग्रुप सोडून जातो, उरतात ते सगळे प्रेमात असलेले, म्हणून तिथे कधीही विचारा, दहातले नऊ हो म्हणणार. विकलेला माणूस शोधायला जरा खटपट करावी लागते, ओळखीतून, गॅरेजवाल्याकडून, जुन्या जाहिरातींमधून, पण असा एक जरी भेटला तरी गाडी सोडवेना झालेल्या दहा जणांपेक्षा जास्त कळतं.

आता प्रश्न. ‘परत घेशील का’ असं विचारूच नका. असं विचारा: उद्या गाडी चोरीला गेली, इन्शुरन्सचे पूर्ण पैसे खात्यात जमा झाले, परवा सकाळी तू काय बघायला जाशील? इथे माणूस थांबतो. कारण आता गाडी विकायची कटकट नाही, तोटा नाही, भावनेचा भाग थोडा बाजूला गेला, फक्त पैसे आणि मोकळा निर्णय. मग खरी उत्तरं यायला लागतात, ‘हीच, पण नवीन इंजिनवाली’, ‘हीच, पण आता ऑटोमॅटिक’, ‘खरं सांगू का, चार दरवाजेवाली काहीतरी’. तुम्हाला त्या ‘पण’च्या पुढचं ऐकायचंय, ‘हो’ विसरून जा.

उदाहरण म्हणून टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड ही जोडी घेऊ, कारण परवडणारी, इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणारी, हलकी कूपे म्हटलं की चर्चा तिथेच येते. 2012 मध्ये आली, टोयोटा आणि सुबारूने मिळून केलेली, अमेरिकेत सुरुवातीला सायन एफआर-एस नावाने विकायचे, 2016 मध्ये सायन ब्रँडच बंद झाला मग तिथेही टोयोटाचा बिल्ला लागला. दोन्ही सुबारूच्या जपानमधल्या गुन्मा इथल्या कारखान्यातच बनतात, त्यामुळे कुठला बिल्ला चांगला यावर रात्र जागवू नका, सस्पेन्शनच्या सेटिंगमध्ये थोडा फरक, बाकी तेच.

या गाडीच्या मालकांच्या ‘पण’मध्ये पहिल्या नंबरवर इंजिन. पहिल्या पिढीत 2.0 लिटरचं बॉक्सर (सिलिंडर आडवे असलेलं) इंजिन, 200 हॉर्सपॉवर, 205 न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे ओढायची ताकद, आणि तो टॉर्क मिळतो कुठे तर साडेसहा हजार आरपीएमच्या आसपास. त्यातही साडेतीन ते साडेचार हजारच्या मध्ये टॉर्क चक्क खाली जातो, म्हणजे नेमकं ओव्हरटेक करायला दाबलं की गाडी क्षणभर विचार करत बसते. चालवून बघायला मिळाली तर हे स्वतः करून बघा, तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजारला या, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि सोडू नका, तो खड्डा सीटमध्ये बसूनच कळतो, आकड्यांची गरज नाही. काहींना त्याने काहीच फरक पडत नाही, ते गिअर खाली टाकून सात हजारपर्यंत खेचण्यातच खूश असतात. काहींना रोज चीड येते. दुसरी पिढी 2021 ला आली, 2.4 लिटर, साधारण 230 हॉर्सपॉवर, 250 न्यूटन-मीटर आणि तेही 3,700 लाच, 0 ते 100 जवळजवळ सव्वा सेकंदाने लवकर. म्हणून मालकाला पहिला उपप्रश्न हाच की तुझी कुठल्या पिढीची. हे न विचारता गोळा केलेली मतं म्हणजे दोन वेगळ्या गाड्यांची खिचडी.

पहिल्या पिढीचा मालक ‘परत नाही’ म्हणाला तर त्याला रिकॉलचं, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावल्या त्याचं, काय झालं ते नक्की विचारा. 2018 च्या शेवटी व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल निघाला, सुरुवातीच्या 2012-13 च्या गाड्यांसाठी, आणि हे काम करायला इंजिन खाली उतरवावं लागतं. साधा रिकॉल असता तर कोणी लक्षात ठेवला नसता, पण काम झाल्यावर थोड्याच दिवसांत इंजिन गेल्याच्या तक्रारी बऱ्याच आल्या, सीलंट नीट न लावल्याचं कारण लोक सांगायचे. त्या वर्षांची गाडी घेत असाल तर चासी नंबर टाकून रिकॉल पेंडिंग आहे की झालाय ते तपासा, झाला असेल तर त्यानंतर गाडी किती चालली ते बघा. नंतर निवांत हजारो किलोमीटर फिरली असेल तर उलट चांगलंच. दुसऱ्या पिढीचे मालक वेगळं बोलतात, ट्रॅकवर लांब उजव्या वळणात ऑइल प्रेशर पडतं हा त्यांचा आवडता विषय. तुम्ही ट्रॅकवर जाणारच नसाल तर हे ऐका आणि सोडून द्या, जाणार असाल तर ऑइल कूलर, गेज वगैरेचा खर्च गाडीच्या किमतीतच धरा.

आणि हो, पहिल्या पिढीच्या गाडीच्या बॉनेटमधून रातकिड्यासारखा किर्र किर्र आवाज येतो, तो फ्युएल पंपाचा, बहुतेक गाड्यांना येतो. पहिल्यांदा ऐकणारा घाबरून सौदा मोडतो, उगाच.

दुसरा मोठा मुद्दा पैशाचा, पण विचारायची पद्धत बघा. ‘मेंटेनन्स किती येतो’ विचारलं की प्रत्येक जण ‘फार नाही’ म्हणतो. त्याऐवजी विचारा, गाडी घेतल्यापासून तिच्यावर काय काय बदललंस? आणि मग गप्प बसा. एग्झॉस्ट, हेडर (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या), ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग), कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), रिम, टायर, यादी सुरू होते आणि बोलता बोलता तो स्वतःच गप्प होतो. स्वस्त स्पोर्ट्स कारचा खरा खर्च तिथे असतो, कारण गाडी ‘जवळजवळ परफेक्ट’ असते आणि ते ‘जवळजवळ’ मालकाला झोपू देत नाही. टॉर्कचा खड्डा भरायला हेडर आणि ट्यून, मग आवाज हवा, मग स्टान्स, म्हणजे खाली बसलेला रुबाब, हवा. आता जो माणूस म्हणतो की परत घेईन, तो स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशाच, गाडीबद्दल बोलतोय की एवढा खर्च ओतल्यावर झालेल्या गाडीबद्दल, हे वेगळं करून घ्या. माझं मत विचाराल तर पूर्ण स्टॉक ठेवून चार वर्षं चालवणाऱ्याचा ‘हो’ सगळ्यात भारी, आणि सेकंड हँड घेताना पण स्टॉकच शोधा, दुसऱ्याची ट्यून आपल्या गळ्यात घेऊ नये.

छोटे खर्चही विचारा. इंजिनचं कॉम्प्रेशन (पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबायचं प्रमाण) 12.5 ला 1 आहे, म्हणजे हाय ऑक्टेन पेट्रोलच लागतं, रोज लांब ऑफिस असेल तर वर्षाला हिशेब बदलतो. बॉक्सर इंजिन आडवं पसरलेलं, त्यामुळे स्पार्क प्लग बाजूला चासीच्या अगदी जवळ येतात, हात घालायला जागा नाही, प्लग स्वस्त आणि मजुरी महाग असा प्रकार. तरुण ड्रायव्हरला इन्शुरन्स किती बसतो ते तर कोटेशन काढूनच बघा, मालकाच्या आकड्यावर जाऊ नका, त्याचं वय आणि रेकॉर्ड वेगळं.

तिसरं म्हणजे रोजचं जगणं, आणि इथे मालकापेक्षा गाडीलाच विचारलेलं बरं. शोरूममध्ये किंवा मालकाच्या पार्किंगमध्ये ड्रायव्हर सीटवर तर सगळेच बसतात, तुम्ही मागच्या सीटवर बसा, पुढची सीट तुमच्या नेहमीच्या जागी ठेवून. गुडघे कुठे जातात बघा. जात नाहीत, मी सांगतो. मागची सीट म्हणजे बॅग आणि जॅकेट ठेवायची जागा, फार तर लहान मूल, आणि मुलाची सीट बांधायची असेल तर ती बांधून, मूल बसवून, परत काढून बघा, तेही दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असताना. दरवाजा एवढा लांब आहे की अरुंद जागेत अर्धाच उघडतो, मग माणूस अंग चोरून, एक हात छतावर टेकून, खाली घसरत आत जातो. पंचविशीत याची मजा वाटते. कंबर दुखायला लागली की हेच गाडी विकायचं कारण बनतं, पण जाहिरातीत कोणी तसं लिहीत नाही. दुसरीकडे मागच्या सीटची पाठ खाली पाडली की चार टायर आत मावतात, हे मालक लोक अभिमानाने सांगतात आणि ते खरं आहे.

हायवेवर पण जा, नुसती गल्लीतून चक्कर नको. टायरचा आवाज, रस्त्याचा खडखडाट, शंभरच्या वर फोनवर बोलता येतं का, शेजारचा वैतागतो का. पहिल्या पिढीत बऱ्याच गाड्यांना सुरुवातीला जे टायर यायचे, 215 चे मिशलिन प्रायमसी, तसलेच प्रियसच्या काही गाड्यांना पण असायचे, मुद्दाम कमी ग्रिपचे, म्हणजे कमी वेगातही गाडी सरकते आणि खेळता येते. मालकाने चिकट टायर टाकले असतील तर तुम्हाला वेगळीच गाडी चालवायला मिळतेय हे लक्षात ठेवा.

विकलेल्या माणसाशी बोलताना कारणाची चाळणी लावा. गाडीमुळे विकली की आयुष्यामुळे? मूल झालं, नोकरी लांब गेली, बर्फाच्या भागात बदली झाली, ही आयुष्याची कारणं, यांच्यात गाडीचा दोष नाही, पण हीच कारणं पुढच्या तीन वर्षांत तुमच्याकडे येणार असतील तर तुमच्यासाठी ती गाडीचीच कारणं. क्लचच्या बेअरिंगचा आवाज, पिकअपचा कंटाळा, आवाजाने डोकं उठणं, ही गाडीची. बऱ्याचदा माणूस आयुष्याचं कारण सांगतो आणि दोन वाक्यांनी गाडीचं बाहेर येतं, म्हणून घाई करू नका.

मग विचारा की ती विकून काय घेतलं. माझ्या मते हा सगळ्यात प्रामाणिक पुरावा, कारण तिथे पैसे खर्च झालेत. मझदा एमएक्स-5 घेतली असेल तर त्याला अजून हलकं आणि छप्पर उघडणारं हवं होतं, मागची सीट तशीही वापरत नव्हता. निस्सानची 370झेड किंवा मस्टँग घेतली तर ताकद कमी पडत होती, मग त्याला त्या गाडीचे त्रासही विचारा, 370झेड मध्ये क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबल्यावर क्लच ढकलणारा भाग) गिअरबॉक्सच्या आत बसतो, तो गेला की गिअरबॉक्स उतरवा. हॉट हॅचबॅक, म्हणजे जोरदार इंजिनवाली घरगुती हॅचबॅक, घेतली तर बहुतेक वेळा घरातल्यांनी ठरवलं. आणि काही जण असे भेटतात जे मधे एक एसयूव्ही घेऊन दोन वर्षांनी परत त्याच कूपेवर येतात, असा माणूस सापडला तर त्याला चहा पाजा आणि सगळं काढून घ्या, त्याने दोन्ही बाजू पैसे देऊन बघितल्यात.

एवढं झाल्यावर शक्य असेल तर तीच गाडी आठवडाभर भाड्याने घ्या, कार शेअरिंगवर बऱ्याच ठिकाणी मिळतात. रविवारी घाटात नाही, सोमवार ते शुक्रवार, ऑफिसला, ट्रॅफिकमध्ये क्लच दाबत, किराणा आणायला, पावसात. शुक्रवारी संध्याकाळी थकून घरी आल्यावर दुसरी साधी गाडी पण दारात उभी असेल आणि बाहेर जायचं असेल, तर चावी कुठली उचलता ते बघा. कूपेची उचलली तर सेकंड हँड स्टॉक गाडी शोधायला लागा, रिकॉलचे कागद मागा आणि टायर-क्लचसाठी किमतीच्या वर थोडे पैसे बाजूला ठेवा.