टीम दुसऱ्या गावाला गेली की फॅननं काय करायचं

पहिलं म्हणजे लगेच जर्सी विकू नका. माझ्या मावसभावाने २०१९ ला पुणे सिटी ही फुटबॉल टीम बंद होऊन फ्रँचायझी हैदराबादला गेली तेव्हा रागात जर्सी गाडी पुसायला काढली, आणि २०२२ ला तीच हैदराबाद आमच्या गोव्यात फातोर्ड्याला येऊन पेनल्टीवर आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकली तेव्हा बसला ना तोंड पाडून माझ्या बाजूला!

मी स्वतः आइस हॉकीवाला, म्हापशात बसून अ‍ॅरिझोना कायोटीज ही अमेरिकेतली टीम बघायचो. एप्रिल २०२४ मधली त्यांची शेवटची मॅच आपल्याकडे सकाळची, खाली पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों चाललाय आणि इकडे मी रडतोय, ५-२ ने जिंकले तरी. टीम गेली सॉल्ट लेक सिटीला.

तर, शेवटची मॅच पूर्ण बघा, चुकवू नका. शिव्या घालायच्या तर मालकाला घाला, प्लेअरला नको, टीम हलवताना त्याला कोण विचारतो. नव्या शहरातल्या फॅनशी तर अजिबात भांडू नका, कारण हेच कायोटीज १९९६ ला कॅनडातल्या विनिपेगमधून उचलून आणलेले, तेव्हा तिथले रडले आणि २०११ ला अटलांटाची टीम विनिपेगला गेली तेव्हा तेच नाचले.

नवी टीम लगेच पकडायची घाई पण नको, एक सीझन नुसतं बघा. क्युबेकवाल्यांचं मात्र खरंच वाईट वाटतं, १९९५ ला टीम कोलोराडोला गेली आणि पुढच्याच वर्षी स्टॅनली कप, आइस हॉकीतला सगळ्यात मोठा कप, जिंकली! त्यावर माझ्याकडे काय उपाय नाही बाबा.