एक्सेलच्या हेडरमधला लोगो मॅक्रोने मार्जिनमध्ये बसवा

हेडरमध्ये लेटरहेडची इमेज टाकली की प्रिंटला ती पहिल्या दोन-तीन ओळींवर चढते, कारण हेडरसाठी एक्सेल जागा आपोआप वाढवत नाही. हाताने ओढत बसू नका, व्हीबीएमध्ये (एक्सेलचे मॅक्रो लिहायची भाषा) साधं गणित करा. टॉप मार्जिनमधून हेडर मार्जिन (कागदाच्या वरच्या कडेपासून हेडरपर्यंतचं अंतर) वजा केलं की मिळते ती इमेजसाठीची उंची, आणि कागदाच्या रुंदीतून डावं-उजवं मार्जिन वजा केलं की रुंदी, सगळं पॉइंटमध्ये (७२ पॉइंट म्हणजे १ इंच, ए-फोर उभा साधारण ५९५ रुंद).

समजा टॉप ९० आणि हेडर २२, तर उरले ६८. बाजूची मार्जिन ५०-५० असतील तर रुंदी ४९५. आता ६:१ ची (उंचीच्या सहापट रुंद) इमेज पूर्ण रुंदीला ताणली तर उंची ८२.५ होते, म्हणजे गेली डेटावर! म्हणून उरलेली रुंदी भागिले इमेजची रुंदी आणि उरलेली उंची भागिले इमेजची उंची, या दोन्ही गुणोत्तरांतलं लहान घ्यायचं आणि इमेज त्या पटीत करायची, इथे ४०८ बाय ६८.

कोडमध्ये सेंटरहेडरपिक्चरला (हेडरच्या मधल्या भागातली इमेज) फाइलनेम, हाइट, विड्थ देऊन झालं तरी सेंटरहेडरच्या टेक्स्टमध्ये अँडचं चिन्ह आणि जी (&G) टाकायला विसरू नका, नाहीतर इमेज दिसतच नाही आणि माणूस तासभर कोड तपासत बसतो (मी बसलोय). फिट टू पेज वापरत असाल तर स्केल विथ डॉक्युमेंट (कोडमध्ये ScaleWithDocHeaderFooter) फॉल्स करा, नाहीतर शीटसोबत लोगोपण आकसतो.